छतातून तीन लाल, तीन काळ्या वायरी आल्यात, नवीन लाइटला जोडायच्या कुठल्या?

कोपऱ्यातली_खुर्ची:
नमस्कार मंडळी. हॉलमधली छताची लाइट बदलायची आहे आणि डोकं पार चक्रावलंय. रंगकाम चाललं होतं तेव्हा रंगाऱ्यांनी जुनी फिटिंग उतरवली, वायरींना टेप गुंडाळली आणि काम संपवून गेले, आता कुठली वायर कुठे होती हे सांगायला कोणी नाही. जुन्या फिटिंगला नुसत्या दोनच वायरी आहेत, दोन्ही पांढऱ्या, त्यामुळे तिच्याकडे बघूनही काही कळत नाही.

नवीन लाइट गोल आहे, मेटल बॉडी, आत एलईडी. तिच्यात तीन खाचांचा कनेक्टर आहे, एकावर एल, एकावर एन आणि मधे ते अर्थिंगचं चिन्ह. म्हणजे मला छतातून तीनच वायरी हव्यात. पण छतातून येतायत त्या अशा:
तीन लाल, एकत्र पिळलेल्या, वर जुनी काळी टेप, ही टेप रंगाऱ्यांच्या आधीची वाटते.
दोन काळ्या एकत्र पिळलेल्या.
एक काळी एकटीच.
दोन हिरव्या, एकदम आखूड कापून मागे सारलेल्या.

माझा अंदाज असा की लाल जुडगा एलला, काळा जुडगा एनला, मग ही एकटी काळी उरते ती टेप लावून सोडून द्यायची का? आमचे दीर म्हणतात सोडून कशाला द्यायची, सगळ्या लाल एका खाचेत आणि तिन्ही काळ्या एका खाचेत घाल, लाल म्हणजे फेज आणि काळी म्हणजे न्यूट्रल, विषय संपला. मला ते पटत नाहीये पण का पटत नाही ते सांगता येत नाही. कोणी नीट समजावेल का?

साधासरळ:
ताई, वायरमनला बोलवा. अर्ध्या तासाचं काम आहे त्याचं. छताचं काम, वर हात करून, शिडीवर उभं राहून, त्यात करंट. कशाला?

तारेवरची_कसरत:
सगळ्यात आधी, दिरांचं ऐकू नका. त्यांना राग येऊ दे.

दिरांच्या पद्धतीने जोडलं तर काय होईल ते बघा. बटण बंद असताना लाइट लागेल, कारण लाल जुडग्यात कायमची फेज आहे आणि काळ्यात न्यूट्रल आहे, बटणाचा संबंधच नाही. आणि मग कोणीतरी जाऊन बटण चालू करेल, त्या क्षणी बटणातून फेज निघून त्या एकट्या काळ्या वायरीतून छतात येईल आणि ती काळी तर तुम्ही न्यूट्रलला बांधलेली, म्हणजे फेज आणि न्यूट्रल थेट एकमेकांना भिडले, शॉर्ट सर्किट, एमसीबी (जादा करंट गेला की आपोआप पडणारं बटण) धाडकन खाली. बंद केलं की लागते आणि चालू केलं की ट्रिप होतं, अशी तक्रार घेऊन कोणी आलं की मी न बघता सांगतो की तुम्ही सगळ्या काळ्या एकत्र केल्यात.

तुमचा स्वतःचा अंदाज त्यापेक्षा कमी धोक्याचा पण तोही चूक. लाल एलला, दोन काळ्या एनला आणि एकटी काळी मोकळी ठेवलीत तर लाइट चोवीस तास चालू राहील, बटण नुसतं टकटक करायला. आणि ती मोकळी सोडलेली काळी बटण चालू असताना जिवंत असेल, हे त्याहून वाईट.

आता खरं काय आहे ते. तुमच्याकडे लूपिंग छतात केलेलं आहे. म्हणजे मेनकडून फेज आणि न्यूट्रल आधी या छताच्या बॉक्सात आले, इथून पुढे दुसऱ्या खोलीच्या लाइटला गेले, आणि इथूनच एक जोडी भिंतीतून खाली बटणाकडे गेली. तीन पाइपातून तीन जोड्या, म्हणून तीन लाल आणि तीन काळ्या. बटणाकडे जी जोडी गेली तिचं काम वेगळं. तिच्यातली लाल फेज खाली घेऊन जाते, आणि काळी ती फेज बटणातून परत वर आणते. म्हणजे ती काळी दिसते पण ती न्यूट्रल नाही, ती बटणावर चालणारी फेज आहे. तीच तुमची एकटी काळी.

म्हणून माझ्या मते जोडणी अशी असणार (एल म्हणजे फेज, एन म्हणजे न्यूट्रल): एकटी काळी एलला. दोन काळ्यांचा जुडगा एनला. तीन लाल कुठेच नाही, त्या आपापसात जोडलेल्या राहतील, फिटिंगला त्यांची गरजच नाही. तुमच्या जुन्या फिटिंगला दोनच वायरी होत्या ना, त्याही अशाच गेल्या असणार, आणि लाल जुडग्यावरची टेप जुनी आहे म्हणताय त्यावरूनही तेच दिसतंय, त्या जोडाला रंगाऱ्यांनी हातच लावलेला नाही.

पण हे मी इथे बसून सांगतोय. "असणार" आणि "आहे" यात फरक आहे, मोजल्याशिवाय जोडू नका.

कोपऱ्यातली_खुर्ची:
अय्या, म्हणजे काळी वायर फेज असू शकते? मग रंगांचा उपयोग काय?

तारेवरची_कसरत:
रंगांचा उपयोग आहे, पण ज्याने वायर ओढली त्याच्या शिस्तीएवढाच. बटणाकडे जाणाऱ्या जोडीत एक वायर काळी येणारच, कारण तयार केबलच लाल-काळी मिळते. शिस्तीचा माणूस असेल तर तो त्या काळीच्या दोन्ही टोकांना लाल टेपचा तुकडा किंवा लाल नळी चढवतो म्हणजे पुढच्याला कळावं की ही फेज आहे. बहुतेक जण चढवत नाहीत. आणि पाइपातून सुट्या वायरी ओढलेल्या असतील तर विचारूच नका, ज्या रंगाचं बंडल हाताशी ते.

त्यात देशादेशांचे रंग वेगळे. भारतात फेजला लाल, पिवळा, निळा चालतात आणि न्यूट्रल काळा. ब्रिटनमध्येही लाल-काळंच होतं, २००४ साली नवे रंग आले आणि २००६ पासून नव्या कामाला तेच सक्तीचे झाले, फेज तपकिरी आणि न्यूट्रल निळा. अमेरिकेत काळी वायर म्हणजे फेज आणि पांढरी म्हणजे न्यूट्रल. म्हणजे बघा, निळी वायर एकीकडे फेज आणि दुसरीकडे न्यूट्रल, काळीचंही तेच. तुमच्या नवीन लाइटच्या आतल्या वायरी बघा, बहुतेक तपकिरी आणि निळ्या असतील, एलला तपकिरी. त्या रंगांची जुळवाजुळव छतातल्या रंगांशी करायला जाऊ नका, अक्षरं बघा.

मीटरमास्तर:
जोडणीबद्दल सहमत. आता मोजायचं कसं ते मी लिहितो कारण इथे लोक पहिल्या झटक्यात टेस्टर काढतात.

मल्टिमीटर असेल तर करंट चालू न करता ही वायर ओळखता येते आणि तीच पद्धत घरच्या माणसाने वापरावी. मेन बंद. वायरी मेल्यात याची खात्री करून घ्या (ते कसं ते खाली). मग मीटर कंटिन्युइटीवर ठेवा, तो बीप वाजवतो तो मोड. मीटरची एक काडी (वायरीच्या टोकाची पिन) लाल जुडग्याला, दुसरी काडी एकट्या काळीला. आता खाली कोणालातरी बटण चालू-बंद करायला सांगा. चालू केलं की बीप, बंद केलं की गप्प, असं झालं तर ती एकटी काळी बटणाकडून येतेय हे सिद्ध झालं, शंभर टक्के. कारण लाल जुडगा आणि ती काळी यांच्यामध्ये बटण सोडून दुसरं काहीच नाही. दोन काळ्यांच्या जुडग्याला काडी लावून हेच केलंत तर बटणाने काही फरक पडणार नाही. (त्या सर्किटवर कुठे जुना तारेचा बल्ब लागलेला असेल तर लाल आणि काळ्या जुडग्यात मीटर थोडा रेझिस्टन्स दाखवेल, घाबरू नका, तो बल्ब आहे.)

आता वायर मेली आहे हे ठरवायचं कसं. पेनासारखा निऑनचा टेस्टर दोन्ही बाजूंनी खोटं बोलतो. त्याला पेटायला अगदी किंचित करंट पुरतो आणि तो तुमच्या अंगातून जमिनीकडे जातो. लाकडी किंवा फायबरच्या शिडीवर उभे असाल, पायात रबरी चप्पल असेल आणि खिडकीतून ऊन येत असेल तर जिवंत वायरीवरही तो इतका मंद पेटतो की दिसत नाही. आणि उलट बाजूने, शेजारून फेज जात असेल तर पाइपातली मोकळी वायरही त्याला पेटवते. बिनस्पर्शाचे बीप वाजवणारे टेस्टर तर पलीकडच्या वायरीवरपण ओरडतात. म्हणून ते अंदाजाला ठीक, जीव त्यांच्यावर टाकू नये.

दोन टोकांचा व्होल्टेज टेस्टर किंवा मल्टिमीटर घ्या. एसी व्होल्ट, मोठी रेंज. आधी चालू असलेल्या प्लगच्या सॉकेटवर लावून तो नीट दाखवतोय ना ते बघा, मग छतातल्या वायरी तपासा, फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ, न्यूट्रल-अर्थ, एकटी काळी पण, मग परत त्या सॉकेटवर जाऊन बघा की मीटर मधल्यामधे मेला तर नाही. मेनच बंद असेल तर सॉकेट कुठलं चालू असणार, म्हणून लाइटचा एमसीबी बंद करून तपासा आणि मग मेन पाडा.

आणि काड्या खोचून ठेवल्यात त्या खाचा बघा, लोक अँपिअरच्या खाचेत काडी ठेवून व्होल्ट मोजायला जातात. तो तर सरळ शॉर्टच.

साधासरळ:
हेच म्हणतोय मी, एवढं सगळं करण्यापेक्षा वायरमन बरा.

तारेवरची_कसरत:
साधासरळ, तुमचं चूक नाही. काही ठिकाणी तर परवाना नसलेल्या माणसाने पक्क्या वायरिंगला हात लावायचा नाही असा कायदाच आहे, काही ठिकाणी जुनी फिटिंग काढून त्याच जागी नवी लावायला मुभा आहे. आपल्याकडचा नियम ज्याने त्याने बघावा. पण वायरमन बोलावला तरी बाईंना काय चाललंय ते कळलेलं बरं, दिरांसारखे वायरमनही असतात.

कोपऱ्यातली_खुर्ची:
हाहा, दीर वाचतायत हे.

मीटर आणलाय शेजारून. पण आता नवाच घोळ. मेन स्विच पाडला, सगळं घर बंद असायला हवं, आणि लाल जुडगा आणि काळा जुडगा यात मीटर २२० च्या वर दाखवतोय! मेन तर खाली आहे, मी तीनदा बघून आले. मी उतरले खाली आणि शिडी बाजूला केली.

मीटरमास्तर:
उतरलात ते छान केलंत. घरात इन्व्हर्टर आहे का?

कोपऱ्यातली_खुर्ची:
आहे. अरे देवा.

मीटरमास्तर:
तेच. हॉलची लाइट इन्व्हर्टरवर असणार, बहुतेक घरात असतेच. तुम्ही मेन पाडला म्हणजे इन्व्हर्टरच्या दृष्टीने लाइट गेली, तो इमानदारीत लगेच चालू झाला. बॅटरीतून निघालेले ते २२० तितकेच मारतात.

आणि नुसता इन्व्हर्टर बंद करून चालत नाही, कारण मेन चालू असताना इन्व्हर्टरचं बटण बंद केलं तरी बहुतेक मॉडेलमध्ये मेनची लाइन बायपास होऊन पुढे जातच राहते. दोन्ही बंद पाहिजे, मेनही आणि इन्व्हर्टरही. छतावर सोलर असेल आणि त्याला बॅटरी असेल तर तेही बघा. बॅटरी नसलेलं, लाइनला जोडलेलं साधं सोलर मेन गेली की आपोआप थांबतं, बॅटरीवालं थांबेलच असं नाही.

अजून एक, खास जुन्या घरांसाठी. सिंगल पोल एमसीबी फक्त एक वायर तोडतो. कोणी मागे कधीतरी फेज-न्यूट्रल उलटे केले असतील तर एमसीबी पडूनही वर छतात फेज उभी असते. म्हणून दोन्ही वायरी तोडणारा मेन पाडायचा आणि तरीही मोजायचंच.

तारेवरची_कसरत:
आणि डीबीवर, म्हणजे मेन आणि एमसीबींच्या पेटीवर, चिठ्ठी लावा नाहीतर दार बंद करून किल्ली खिशात ठेवा. टीव्ही का बंद झाला म्हणून कोणीतरी जाऊन मेन उचलतंच, घरात माणसं असली की हे होणारच.

हिरवीपिवळी:
सगळे फेज न्यूट्रलवर बोलताय, त्या बिचाऱ्या दोन हिरव्यांचं काय? ताई, तुमची लाइट मेटल बॉडीची आहे आणि तिला अर्थिंगची खाच आहे म्हणजे तिला अर्थिंग लागणारच, ते ऐच्छिक नसतं. आत वायर सुटली किंवा ड्रायव्हरचं (एलईडीला करंट पुरवणारा आतला भाग) इन्सुलेशन गेलं तर बॉडीवर फेज येते आणि पुढच्या वेळी धूळ पुसायला हात लावणाऱ्याला ती सापडते. अर्थिंग असेल तर तो करंट अर्थिंगमधून जातो आणि एमसीबी किंवा आरसीसीबी (गेलेला करंट पूर्ण परत आला नाही की पडणारं बटण) पाडतो.

ज्या फिटिंगवर चौकोनात चौकोन असं चिन्ह असतं ती दुहेरी इन्सुलेशनची, तिला अर्थिंग नको असतं. तुमची तशी नाही, खाच आहे म्हणालात. जुनीला लागत नव्हतं म्हणून वायरमनने हिरव्या आखूड कापून मागे ढकलल्या असतील. त्या कापायच्या नसतातच खरं तर, एका कनेक्टरमध्ये एकत्र करून ठेवायच्या असतात, कारण त्यातली एक पुढच्या खोलीला जाते आणि तुटली की पुढच्या सगळ्या लाइटचं अर्थिंग गेलं. आता त्या दोन हिरव्या आणि एक नवा हिरवा तुकडा अशा तिघी एका कनेक्टरमध्ये घ्या आणि तो तुकडा फिटिंगच्या अर्थिंगच्या खाचेत.

आणि अर्थिंग मिळत नाही म्हणून न्यूट्रलमधून तुकडा काढून बॉडीला जोडायचा जो जुगाड काही जण करतात तो चुकूनही करू नका. वाटेत न्यूट्रल कुठे तुटला तर चालू लाइटमधून फेज सरळ बॉडीवर येते.

मीटरमास्तर:
+१. फेज आणि हिरवी यात मीटर साधारण फेज-न्यूट्रलएवढंच दाखवला तर हिरवी कुठेतरी जोडलेली आहे एवढं कळतं, ती चांगली जोडलेली आहे हे कळत नाही. मीटरला नावापुरता करंट लागतो, गंजलेल्या जोडातूनही तो आकडा दाखवतो. आणि कोणी बल्ब लावून अर्थिंग तपासायचा सल्ला दिला तर लक्षात ठेवा, ६० वॉटचा बल्ब २३० व्होल्टला पाव अँपिअरच्या जरा वर, म्हणजे २६० मिलिअँपिअर घेतो, आणि घरातला आरसीसीबी साधारण ३० मिलिअँपिअरचा असतो, तो पडणारच. अर्थिंग खरंच कसं आहे ते वायरमन त्याच्या मीटरने बघून देतो, ते एकदा करून घ्याच.

कोपऱ्यातली_खुर्ची:
बरं, मेन आणि इन्व्हर्टर दोन्ही बंद करून परत मोजलं, सगळीकडे शून्य. मग बीपवालं केलं, लाल जुडगा आणि एकटी काळी, मुलाने खाली बटण दाबलं की बीप आणि सोडलं की गप्प. अगदी तुम्ही लिहिलंत तस्संच. दिरांनी स्वतः येऊन पाहिलं आणि "मीपण तेच म्हणत होतो" म्हणाले.

आता दोन अडचणी. टोकाजवळची रबर कडक झालीये, वाकवलं की तडकते. आणि तीन लाल वायरी पिळून टेप लावलेल्या आहेत तशाच ठेवू का?

तारेवरची_कसरत:
कडक झालीये कारण वर्षानुवर्षं खाली तापणारा बल्ब होता, त्याची सगळी उष्णता वर छताच्या बॉक्सात. साधं पीव्हीसी इन्सुलेशन ७० डिग्रीपर्यंतचं असतं आणि बंद काचेच्या झाकणात जुना १०० चा बल्ब लावला की ते पार होतं. तडकलेला भाग कापून टाका, मऊ इन्सुलेशन लागेपर्यंत मागे या, आणि वायर आखूड पडली तर कनेक्टरने तुकडा जोडून वाढवा. आत पाइपातही तडकत असेल, किंवा वायरीवर कापडाचं वेष्टन दिसलं, तर मात्र इथेच थांबा, ते लाइट बदलण्याचं काम राहिलं नाही, वायर नवीन ओढायचं काम आहे आणि ते वायरमनचं. सोलल्यावर आत तांब्याऐवजी पांढरट अल्युमिनियम दिसलं तरी थांबा. अल्युमिनियम आणि तांबं नुसतं पिळून जोडलं की तो जोड काही काळाने ढिला होतो, गंजतो आणि तापतो, त्याला वेगळे कनेक्टर लागतात.

पिळून टेप लावलेला जोड तसा ठेवू नका. टेपचा डिंक उष्णतेने सुटतो, तुम्हीच बघा ती जुनी टेप कशी चिकट झाली असेल. आणि त्या लाल जोडातून फक्त तुमच्या लाइटचा नाही तर पुढच्या खोल्यांचाही करंट जातो, ढिला झाला तर तोच तापणार. लिव्हर उचलायचे कनेक्टर मिळतात ते घ्या, तीन खाचांचे किंवा पाचचे. कडक एकतारी वायर आणि मऊ बहुतारी वायर दोन्ही त्यात बसतात. नुसती वायर खुपसायचे जे स्वस्तातले असतात ते एकतारी वायरीसाठीच, बहुतारी त्यात धरत नाही. सोलायची किती ते कनेक्टरच्या अंगावर लिहिलेलं असतं, साधारण सेंटिमीटरभर, जास्त सोललीत तर तांबं बाहेर दिसतं, कमी सोललीत तर इन्सुलेशनच चिमटलं जातं. प्रत्येक वायर बसवली की एक हिसका द्या. सुटली तर आत्ता सुटलेली बरी.

सगळं झालं की जोड बॉक्सात दाबून बसवा, लाइटच्या पत्र्याखाली वायर चेंगरू देऊ नका, स्क्रू आवळताना अशाच वायरी कापल्या जातात आणि मग बॉडीवर करंट येतो.

धागेदोरे:
मधेच घुसतो, आमच्याकडे जिन्यातली लाइट आहे, खालून वरून दोन्हीकडून लागते. तिलाही हाच नियम का?

मीटरमास्तर:
छतात जिथे लाइट आहे तिथे तेच, एक बटणाकडून येणारी फेज आणि एक न्यूट्रल. पण दोन बटणांच्या मधे ज्या दोन वायरी धावतात त्यातली एक कायम जिवंत असते, कुठलंही बटण कसंही असो. म्हणून जिन्याच्या बाबतीत "बटण बंद आहे" या वाक्याला काही अर्थ नाही. कंटिन्युइटीच्या टेस्टमध्ये कुठलंही एक बटण बदललं की बीपचं उलट व्हायला हवं. आणि खालचं बटण एका एमसीबीवर, वरचं दुसऱ्यावर, असा प्रकार जुन्या घरात असतो, फेज खालच्या मजल्याची आणि न्यूट्रल वरच्या मजल्याचा. आरसीसीबी लावला की विनाकारण ट्रिप होतो ते यामुळेच, कारण गेलेला करंट त्याच्यातून परत येत नाही. तुम्ही वेगळं विचारा, इथे गोंधळ होईल.

हिरवीपिवळी:
ताई, लाइटचं वजन किती आहे? जड असेल तर वायरीवर किंवा नुसत्या जिप्समच्या शीटवर टांगू नका. वरच्या स्लॅबमध्ये किंवा फॉल्स सिलिंगच्या चॅनलमध्ये स्क्रू गेला पाहिजे. वायरीवर वजन अजिबात येऊ द्यायचं नाही.

कोपऱ्यातली_खुर्ची:
हलकी आहे, स्लॅबमध्ये जुनेच दोन स्क्रू होते ते जुळले.

लागली!! एकटी काळी एलला (तिच्यावर लाल टेपचा तुकडा लावला बरं का), दोन काळ्या आणि एक तुकडा कनेक्टरमध्ये घेऊन एनला, हिरव्या तिघी एकत्र, तीन लाल वेगळ्या कनेक्टरमध्ये बंद. बटण दाबलं की लागते, बंद केलं की बंद.

म्हणजे जवळपास बंद. रात्री बघितलं तर बटण बंद असताना लाइट अगदी मंद मिणमिणतेय, काजव्यासारखी, आणि मधूनच एकदा लुकलुकते. जुन्या बल्बला असं कधी झालं नाही. मी काहीतरी उलटं जोडलंय का?

तारेवरची_कसरत:
बटणात बारका लाल दिवा आहे का, बंद असताना अंधारात दिसणारा?

कोपऱ्यातली_खुर्ची:
आहे.

तारेवरची_कसरत:
मग तोच. तो इंडिकेटर बटणाच्या दोन टोकांच्या मधे बसलेला असतो आणि त्याला पेटायला लागणारा चिमूटभर करंट तुमच्या लाइटमधूनच पुरा होतो. जुन्या तारेच्या बल्बला त्या करंटने काही फरक पडत नव्हता, तो जराही तापत नव्हता. एलईडीच्या ड्रायव्हरमध्ये मात्र कपॅसिटर असतो, तो थेंब थेंब भरत राहतो, पुरेसा भरला की एक लुकलुक, परत रिकामा. जोडणी उलटी नाही तुमची.

मीटरमास्तर:
इंडिकेटर नसता तर मी दोन शंका घेतल्या असत्या. एक, बटण फेजऐवजी न्यूट्रलवर लावलेलं असणं, त्यात लाइट बंद असली तरी फिटिंगमध्ये फेज उभी असते. ताई, हे तुम्ही एकदा बघाच, सगळं चालू असताना लाल जुडगा आणि हिरवी यात पूर्ण व्होल्टेज आणि काळा जुडगा आणि हिरवी यात जवळपास शून्य आलं पाहिजे. कनेक्टर उघडायची गरज नाही, बहुतेकांना काडी खुपसायला बारीक भोक असतं. भोक नसेल तर वायरमनकडून बघून घ्या, चालू वायर त्यासाठी सोडवू नका. दोन, बटणापर्यंतची वायर लांब असणं आणि शेजारून कायम फेज जाणं, त्याने मोकळ्या वायरीत थोडं व्होल्टेज भासतं आणि काही एलईडी तेवढ्यावर मिणमिणतात. त्याला लाइटच्या टोकांना समांतर एक छोटा बायपास (तो चिमूटभर करंट स्वतःतून जाऊ देणारा तुकडा) लावतात, तयार मिळतो.

आणि बटणाच्या जागी कधी डिमर (उजेड कमी-जास्त करायचं बटण) लावायचा विचार असेल तर लाइटच्या खोक्यावर डिमरला चालते असं लिहिलंय का बघा, नाहीतर गुणगुणते, लुकलुकते आणि लवकर मरते.

कोपऱ्यातली_खुर्ची:
भोक आहे कनेक्टरला, मोजलं. लाल आणि हिरवी २३१, काळा जुडगा आणि हिरवी १ च्या आसपास. मग मेन आणि इन्व्हर्टर दोन्ही बंद करून (मोजून!) बटण बदललं, बिनदिव्याचं साधं लावलं. आता बंद म्हणजे बंद.

दीर विचारतायत त्यांच्या बेडरूमची लाइट कधी बदलायची.

साधासरळ:
त्यांना म्हणावं वायरमनला बोलवा.